बाईंचा रोजचा दिवस

आमच्या वसतिगृहाच्या बाई मुलींना नावाने हाक मारत नसत, गावाने मारत. "ए सिरोंचा, नळ बंद कर." "ए एटापल्ली, तुह्या पलंगाखाली काय वास मारून राह्यलं?" माझं गाव अहेरीपासून आत, बरंच आत आहे. पहिल्या दिवशी मी त्यांना गावाचं नाव सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, तिथपर्यंत बस जाते का. मी नाही म्हणाले. "मंग ते गाव नाई. जिथी बस थांबते तेच तुह्यं गाव," त्या म्हणाल्या आणि मी अहेरी झाले. खरीखुरी अहेरीत राहणारी एक मुलगी आमच्यात होती. ती आधी आलेली म्हणून ती मोठी अहेरी आणि मी नुसती अहेरी. तिला हे कधी पटलं नाही.

बाईंबद्दल लिहायचं मी पुष्कळदा ठरवलं. पण त्यांचं काय सांगायचं हे ठरत नाही. त्या फार शिकलेल्या नव्हत्या. दिसायला बुटक्या, अंगाने भरलेल्या, आवाज मात्र धान गिरणीच्या पट्ट्यासारखा, एकदा सुरू झाला की सगळ्या इमारतीला कळायचं. वसतिगृह मूल गावात होतं आणि तिथे धान गिरण्या पुष्कळ आहेत, त्यामुळे ही उपमा आम्हा मुलींमध्ये चालायची. बाईंनाही ती माहीत होती. "चालते गिरनी, म्हनून तं जेवता," असं त्या म्हणायच्या.

संध्याकाळची हजेरी त्या मुलींची घेत नसत, चपलांची घेत. जिन्याखाली फळीवर चपला ठेवायच्या, हा नियम. बाई फळीसमोर उभ्या राहायच्या आणि कोण बाहेर आहे ते चपलांवरून सांगायच्या. मुलगी खोटं बोलते, चप्पल बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं. ज्यांना बाजारात जास्त वेळ रेंगाळायचं असे त्या मैत्रिणीची जुनी चप्पल आपल्या जागी ठेवून जायच्या. बाई ती चप्पल उचलून तळवा पाहायच्या. "हे पोट्टी टाच घासत चालते, हे कोरचीची चप्पल हाय. मंग आष्टी कुठी गेली?" आष्टी परत आली की तिची चप्पल एक दिवस बाईंच्या खोलीत जप्त. अनवाणी कॉलेजला जायला आम्हाला वाईट वाटायचं असं नाही, गावात आम्ही तशाच हिंडलो होतो. पण कॉलेजात लोक पायांकडे पाहतात, हे बाईंना ठाऊक होतं.

त्यांच्या रागाला पायऱ्या होत्या, हे अगदी खरं. वसतिगृहाचा जिना चांगला उंच, मध्ये एक वळण. चूक छोटी असेल तर बाई खालूनच ओरडायच्या. मध्यम असेल तर वळणापर्यंत चढून. आणि मोठी असेल तर बोलत बोलत पूर्ण वर यायच्या. त्यामुळे खोलीत बसून आम्हाला आवाज कुठपर्यंत आला आहे त्यावरून अंदाज घेता यायचा. वळणाच्या वर आवाज आला की ज्या मुलीचं काही चुकलेलं नाही तीसुद्धा उठून पुस्तक उघडायची.

सुट्टीहून येताना आमच्या आया काहीबाही बांधून द्यायच्या. वाळवलेले वास्ते, म्हणजे बांबूचे कोंब, मोहफुलं, सुकी मासोळी. वास्त्यांना वास असतो. पहिल्या वर्षी मी माझी पुरचुंडी पेटीच्या तळाशी, कपड्यांखाली लपवली होती. चामोर्शीकडच्या दोन शेतकरी घरांतल्या मुली माझ्या खोलीत होत्या, त्यांनी नाक मुरडलं असतं असं मला वाटलं. बाई वासावरून आल्या, पेटी उघडायला लावली, पुरचुंडी घेऊन खाली गेल्या. मला वाटलं फेकून देतील. त्या दिवशी जेवणात वास्त्यांची भाजी होती, सगळ्यांना. त्या चामोर्शीच्या मुलींच्या ताटात त्यांनी स्वतः वाढली. "लपवून खाल्लं तं अन्न पचत नाई," एवढंच बोलल्या. एका मुलीने दुसऱ्यांदा मागितली. ती पुढे दर सुट्टीनंतर मला विचारायची, आणले का.

पण बाई सगळ्यात जास्त ओळखल्या जायच्या त्या मुलींना परत आणण्यासाठी. दिवाळीनंतर, धानाच्या कापणीनंतर एखादी मुलगी परत यायची नाही. घरी काम असायचं, लग्नाचं चालू असायचं, किंवा काहीच नसायचं, नुसतं येणं राहून जायचं. बाई थोडे दिवस वाट पाहायच्या. मग एका सकाळी पिशवी घेऊन बस पकडायच्या. त्या मुलीच्या घरी जाऊन भांडत नसत. अंगणात बसायच्या आणि म्हणायच्या, मी पाव्हनी आली हाय. मुलगी पिशवी भरेल तेव्हा आपण दोघी जाऊ, तोपर्यंत मी इथेच. पाहुण्याला जा म्हणता येत नाही. त्या मुलीच्या आईबरोबर मोहफुलं निवडायच्या, कोंबड्यांना हाकलायच्या, वेळ मिळेल तसं झोपायच्या. माझ्या घरी त्या पहिल्याच वर्षी आल्या होत्या. अहेरीहून पुढे एका ट्रॅक्टरवर बसून आणि मग चालत. माझ्या बाबांना मराठी थोडी येते, आईला त्याहून थोडी. बाईंना आमची भाषा अजिबात येत नाही. तरी त्या आणि माझी आई दिवसभर बोलत होत्या. काय बोलल्या ते मला आजही माहीत नाही. दुसऱ्या सकाळी बाबा मला म्हणाले, ही बाई जाणार नाही, तूच जा.

त्याच बाईंना चक्कर यायला लागली तेव्हा मी दुसऱ्या वर्षाला होते.

पहिल्यांदा त्या हातपंपाजवळ बसल्या, उपास होता म्हणाल्या. पुन्हा एकदा जिन्याच्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या, डोळे उघडे, पण कोणाकडे पाहत नव्हत्या. आम्ही हाका मारल्या. थोड्या वेळाने जणू काही झालंच नाही अशा त्या पुढे बोलायला लागल्या. अर्धं वाक्य आधीचं होतं आणि अर्धं नंतरचं. वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेच्या सचिवांच्या कानावर ते गेलं. ते वाईट माणूस नव्हते. चक्कर येणाऱ्या बाईंच्या भरवशावर एवढ्या मुली कशा ठेवायच्या, असं त्यांचं म्हणणं, आणि ते चूक आहे असं मला म्हणता येत नाही. तपासून घ्या, काय आहे ते कळू द्या, उपाय असेल तर करू, नाहीतर तुम्ही घरी आराम करा, असं त्यांनी सांगितलं. घर म्हणजे सिंदेवाहीकडे भावाचं घर. बाईंना नवऱ्याने फार पूर्वी सोडलं होतं. भावाचं घर होतं, पण त्या घरात त्यांची खाट नव्हती. वसतिगृहातल्या जिन्यामागची खोली हेच त्यांचं घर. जिन्यामागची खोली जाईल याची बाईंना जास्त भीती होती, छातीत काही असेल याची कमी. आम्हाला दोन्हींची होती.

चंद्रपूरला हृदयाच्या डॉक्टरांकडे जाताना त्यांनी मला सोबत घेतलं. "तू सायन्सची हायेस, तुले समजीन," म्हणाल्या. मी वनस्पतिशास्त्र घेतलं होतं. पण नाही म्हणायची हिंमत झाली नाही.

डॉक्टरांनी ईसीजी काढला, तो ठीक निघाला. ते म्हणाले, ईसीजी काही क्षणांचाच असतो, बिघाड नेमका त्याच क्षणी होईल असं नाही. म्हणून एक यंत्र दिवस-रात्र अंगावर ठेवावं लागेल, ते प्रत्येक ठोका टिपून ठेवतं. नर्सने बाईंच्या छातीवर चिकटपट्ट्या लावल्या, त्यांना वायरी जोडल्या आणि वायरींच्या टोकाला असलेली डबी एका पिशवीत घालून गळ्यात अडकवली. डबीला एक बटन होतं. चक्कर आली, छातीत काही झालं तर ते दाबायचं. आंघोळ करायची नाही, बाकी सगळं रोजच्यासारखं करायचं, असं नर्सने सांगितलं. मी ते ऐकलं. बाईंनीही ऐकलं. पण ते वाक्य महत्त्वाचं आहे असं आम्हा दोघींना वाटलं नाही. दवाखान्यात आंघोळ करू नका हे महत्त्वाचं वाटतं, रोजच्यासारखं करा हे नुसतं बोलायचं म्हणून बोललेलं वाटतं.

बसमध्ये बाईंनी डबीवर पदर घेतला. शेजारच्या म्हातारीने विचारलं, मोबाईल हाय का. "नाई, पाव्हना हाय. उद्या वापस जाईन," बाई म्हणाल्या.

आता जे झालं ते सांगताना मला आमच्याकडची एक रीत सांगावी लागेल. आमच्या गावात कोणी आजारी पडलं आणि पेरमाने, म्हणजे गावच्या पुजाऱ्याने, त्याच्या अंगाला दोरा बांधला की तो दोरा सुटेपर्यंत त्या घरात कोणी आवाज चढवत नाही. भांडण नाही, फोडणीचा ठसका नाही, आजाऱ्याला काम सांगायचं नाही, त्याच्या पुढून पळत जायचं नाही. दोरा आपलं काम करत असतो, त्याला करू द्यायचं. हे कोणी शिकवत नाही. लहानपणापासून पाहून कळतं.

बाई वसतिगृहाच्या दारातून आत आल्या, पदर सरकला आणि मुलींना अंगाला बांधलेल्या वायरी दिसल्या. कोणी कोणाला काही सांगितलं नाही. नळावरची भांडाभांडी थांबली. मोबाईलवरची गाणी बंद झाली. आतल्या गावांतल्या मुलींनी सुरुवात केली आणि चामोर्शीच्या मुलींनी त्यांचं पाहून केलं. स्वयंपाकाच्या मावशींनी भाजीला मिरचीची फोडणी दिली नाही. चपला फळीवर एका ओळीत, सगळ्या, वेळेच्या आधी. पाणी भरलेलं, अंगण झाडलेलं, प्रत्येक मुलीपुढे पुस्तक. मीही तसंच केलं. मी सायन्सची होते, पण त्या वेळी ते माझ्या लक्षातही आलं नाही.

बाईंना काही कामच उरलं नाही. त्या फळीपाशी गेल्या, परत आल्या. जिन्याच्या खालच्या पायरीवर थोडा वेळ बसल्या. वर चढायला कारण पाहिजे होतं आणि कारण नव्हतं. शेवटी त्यांनी खालूनच विचारलं, "काऊन वो, कोनी मेलं का इथी?" सिरोंचाच्या मुलीने त्यांना खुर्ची आणून दिली आणि हलक्या आवाजात म्हणाली, बाई, तुम्ही बसा. बाई बसल्या. दुसऱ्या दिवशी यंत्र परत द्यायला निघेपर्यंत त्या जवळजवळ बसूनच होत्या.

अहवाल चांगला आला. ठोके सगळे जागेवर. सचिवांना तो दाखवला, ते म्हणाले छान. वसतिगृहात इतका आनंद झाला की सिरोंचाची मुलगी रडली. आमच्यामुळे बाई बऱ्या निघाल्या असं सगळ्यांना वाटत होतं. मलाही वाटत होतं.

त्यानंतर बाई जिन्याच्या वळणावर पडल्या. भुवईच्या वर जखम झाली, टाके पडले. त्या वेळी त्या कोरचीच्या मुलीला रागावत वर येत होत्या, त्यामुळे ती मुलगी पुढे किती तरी दिवस धड जेवत नव्हती.

डॉक्टरांनी या वेळी बाईंना न विचारता मला विचारलं, यंत्र लावलं होतं त्या दिवशी ह्यांनी काय केलं. मी सांगितलं, खुर्चीवर बसल्या होत्या. दिवसभर? हो. का? मी रीत सांगायचा प्रयत्न केला. माझी मराठी अशा वेळी अडखळते. ते हसले नाहीत, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. ते एवढंच म्हणाले, "तुम्ही मला आजारी माणसाचा दिवस दाखवला. मला वसतिगृहाच्या बाईंचा दिवस पाहिजे." आणि पुन्हा यंत्र लावलं.

परत आल्यावर मी मुलींना जमवून सांगितलं, की आज शांत राहायचं नाही, रोजच्यासारखं वागायचं. हे सांगणं सोपं आहे. पण मुद्दाम रोजच्यासारखं कोणाला वागता येत नाही. एकीने नळ उघडा सोडला आणि बाजूला उभी राहून बाई येतात का ते पाहत बसली. दुसरीने गाणं लावलं, पण कोणतं लावावं ते न सुचून भजन लावलं. मोठी अहेरी चप्पल लपवून बाजारात निघाली आणि जाताना बाईंना सांगून गेली. बाई कमरेवर हात ठेवून हे सगळं पाहत होत्या. "दंडार बसवून राह्यल्या का वो पोट्ट्या?" म्हणाल्या आणि हसल्या. आमच्याकडे गावोगाव दंडारी होतात, रात्ररात्र नाचगाणी आणि सोंगं चालतात. त्यातल्या नवख्या सोंगाड्यांसारख्या आम्ही दिसत असू. त्या हसतच राहिल्या, डबी पोटावर हलत राहिली. हसण्याने काही होत नव्हतं.

माझं त्या दिवशी वेगळंच चालू होतं, आणि ते मी बाईंना कळू देणार नव्हते. आमच्या भागात खाणीचं काम सुरू झालं आहे. तिथे गावातल्या बारावी झालेल्या मुलींना घेत होते. बाबांनी फोन केला होता. नोकरी घराजवळ, रोज जाऊन येऊन करता येईल, आई एकटी पडते, धाकटा भाऊ अजून आश्रमशाळेत. बाबांनी कधी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी हो म्हणाले होते. मला कॉलेज कठीण जात होतं हेही खरं आहे. वर्गात काही विचारायचं असेल तर वाक्य आधी मनात तीनदा म्हणून पाहावं लागायचं, तोपर्यंत विषय पुढे जायचा. बॅग भरून पलंगाखाली होती. बाईंच्या अंगावरून यंत्र निघालं, अहवाल आला, की चंद्रपूरहूनच अहेरीची बस धरायची आणि मग फोन करून सांगायचं, असं मी ठरवलं होतं. फक्त सिरोंचाच्या मुलीला माहीत होतं.

संध्याकाळी बाबांनी बाईंच्या फोनवर फोन केला. मी उद्या कोणत्या बसने येते, अहेरीच्या स्टँडवर किती वाजता उभं राहू, एवढंच त्यांना विचारायचं होतं. माझा फोन लागत नव्हता म्हणून.

"अहेरी!"

आवाज खालून आला. दोन अहेरी होत्या, पण कोणती ते सगळ्यांना कळलं. मी खोलीबाहेर आले. आवाज वळणापर्यंत आला आणि वळणाच्या वर आला. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होते, बाई चढत होत्या, एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने गळ्यातली डबी धरून. मुली दारांत उभ्या. आता कोणी नाटक करत नव्हतं.

त्यांनी विचारलं, बॅग भरली का. मी म्हणाले, हो. कधी सांगणार होतीस. मी म्हणाले, अहवाल आल्यावर. "माह्या अहवालाचं तुले काय करा लागते? तुह्या परीक्षेचं सांग." मी म्हणाले, मला जमत नाही कॉलेज. त्या म्हणाल्या, कोनाले जमते? त्या पुढे बरंच बोलल्या. माझ्या आईचं नाव काढलं, त्या ट्रॅक्टरचं बोलल्या, मी इतक्या दूर काऊन आली होती तुह्या घरी, कोंबड्या हाकलाले आली होती का, असं. मी ऐकत होते. मी नेहमी ऐकून घेते. वसतिगृहात, वर्गात, बसमध्ये, मी कधी कोणाला उलट बोललेली नव्हते. त्या दिवशी का बोलले ते मला सांगता येत नाही.

मी म्हणाले, "तुमची का पोरगी हावो का मी? माह्या बाबाले कोन पाहीन? तुम्हाले पोट्ट्या मोजाच्या रायते, म्हनून आनता आमाले."

इतक्या मोठ्याने मी बोलले होते की स्वयंपाकाच्या मावशी बाहेर आल्या. बाई दोन पायऱ्या खाली होत्या. त्यांचा चेहरा रागाचा नव्हता. त्या हळूच म्हणाल्या, "एवढं आयकवलं तं आता एक सांग. जाशीन का राह्यशीन?"

मी म्हणाले, "जाते."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. डोळे तिथेच होते. त्या कठड्याला धरून अलगद खाली बसायला लागल्या, मी धावून त्यांना धरलं आणि आम्ही दोघी पायरीवर बसलो. त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर पडलं. मला वाटलं, मी यांना मारलं. दुसरं काहीच मनात नव्हतं. सिरोंचाची मुलगी ओरडली, बटन, बटन. मी पिशवीत हात घालून ते दाबलं, आणि दाबतच राहिले.

बाईंनी श्वास घेतला. "माही चप्पल कुठी गेली?" म्हणाल्या. ती घसरून खाली वळणावर पडली होती. कोणी तरी आणून दिली. रात्रभर मी त्यांच्या खोलीच्या दाराशी बसून होते. त्या झोपल्या होत्या.

सकाळी आम्ही चंद्रपूरला गेलो. माझी बॅग माझ्या हातात होती. बाईंनी ती पाहिली आणि खिडकीबाहेर पाहायला लागल्या. उन्हाळ्याच्या सुरुवातीचे दिवस होते, जंगलात पळस फुललेला होता.

डॉक्टरांनी यंत्र घेऊन संगणकाला जोडलं. मग आम्हाला आत बोलावलं आणि पडदा आमच्याकडे फिरवला. एकसारख्या उंचवट्यांची रेघ पुढे पुढे जात होती, मग उंचवटे जवळ जवळ आले, आणि मग रेघ सपाट झाली. नुसती सपाट. पुढे पुन्हा एक उंचवटा, मग दुसरा, आणि सगळं पहिल्यासारखं. डॉक्टरांनी सपाट जागेवर बोट ठेवलं. इथे हृदय थांबलं होतं, ते म्हणाले. छातीत कातडीखाली एक छोटं यंत्र बसवलं की ते थांबू देणार नाही, ते बसवल्यावर तुम्ही तुमचं काम करू शकता, जिनासुद्धा चढू शकता. पण आता घरी जायचं नाही, आजच भरती व्हायचं. हे सापडलं नसतं तर पुढच्या वेळी काय झालं असतं ते मी सांगू शकत नाही, असंही म्हणाले. मग त्यांनी विचारलं, बटनही इथेच दाबलेलं आहे, या वेळी काय चाललं होतं?

"बोलनं चालू होतं," बाई म्हणाल्या. "हिच्यासंग."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. ते काही बोलणार होते, पण बाईंनी मध्येच विचारलं, "डॉक्टरसाहेब, या डबीले आयकू येते का?"

"नाही बाई. फक्त ठोके कळतात."

"हाव का," बाई म्हणाल्या.

त्यांना वॉर्डात खाट मिळाली. सचिवांना फोन केला, त्यांनी यंत्र बसवायची व्यवस्था लावून देतो असं सांगितलं, बाईंची खोली आहे तिथेच राहील हेही सांगितलं. ते मी बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले आणि बराच वेळ उघडले नाहीत. भाऊ आणि वहिनी सिंदेवाहीहून निघाले होते, दुपारपर्यंत पोहोचणार होते. म्हणजे आता माझी गरज नव्हती. अहेरीची बस सुटायला वेळ होता, स्टँड तिथून चालत जाण्याएवढा. बाबा तिकडे घरून निघाले असणार. बॅग खाटेच्या पायथ्याशी होती. मी उभी होते, निघते म्हणायचं होतं, ते वाक्य मी मनात म्हणून पाहत होते.

बाईंनी डोळे उघडले. छातीवर चिकटपट्ट्यांचे लाल चौकोन उठले होते, त्या ते नखाने खाजवत होत्या.

"काल मी तुले इचारलं होतं," त्या म्हणाल्या. "तू काई तरी बोलली, अन तेवढ्यात माहं ते बंद पडलं. काय बोलली होतीस?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या खाजवत होत्या, माझ्याकडे पाहत नव्हत्या. त्यांनी ऐकलं होतं की नव्हतं, ते मला तेव्हाही कळलं नाही आणि अजून कळलेलं नाही.

"राहते म्हणाले होते," मी म्हणाले.

बाईंनी मान हलवली.

"मले बी तसंच आयकू आलं होतं," त्या म्हणाल्या. "बापाले फोन कर. बिचारा स्टँडवर उभा राह्यला अशीन."